डीपीआय मागून लावून अक्षरं ठळक होत नाहीत

"वेक्टर फाईलला रिझोल्यूशन नसतं. स्क्रिप्टने आधी सरळ पीएनजी करून घ्या, मग सगळ्या फायलींना एकदम 300 डीपीआय लावा, क्वालिटी 100 ठेवा. तरी धुरकट वाटलं तर शार्पन मारा." सांगली-मिरजेतल्या डीटीपीवाल्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज गेले दोन महिने फिरतोय. (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके.) मी दोनदा वाचून सोडून दिला. परवा तो ताईकडे पोचला. गणपती पेठेत तिचं दुकान आहे. हळदीच्या पाकिटांची 64 लेबलं तिने याच पद्धतीने एका रात्रीत काढली आणि सकाळी प्रेसमधून फोन आला, "मॅडम, परवाना नंबर वाचता येईना."

तिच्या स्क्रीनवर एक लेबल मोठं करून बघितलं. 'हळद' हा मोठा शब्दसुद्धा कडेने पायऱ्यापायऱ्यांचा झालेला. खाली 6 पॉइंटात एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, 14 अंकी नंबर, त्यात 3 कुठला आणि 8 कुठला ते ठरवता येईना. 'निर्मिती'तला रफार आणि वेलांटी मिळून एकच करडा ठिपका.

वेक्टरला, म्हणजे रेषांच्या गणितातून बनलेल्या चित्राला, रिझोल्यूशन नसतं, हे खरं आहे, तेवढं मान्य. पण पीएनजीला पिक्सेल, म्हणजे ठिपके असतात, आणि ते किती असावेत हे पीडीएफ उघडतानाच ठरतं. तुम्ही सांगितलं नाही तर इमेजमॅजिक (स्क्रिप्टमधून पीडीएफची चित्रं करणारं सॉफ्टवेअर) 72 डीपीआय धरतं. एक पॉइंट म्हणजे इंचाचा 72वा भाग. म्हणजे 6 पॉइंटच्या अक्षराला मिळाले 6 पिक्सेल, आणि त्यातच वरची वेलांटी नि खालचा उकार बसवायचा. कसा बसणार?

आता त्या 'मग 300 डीपीआय लावा'चं. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने केलंय. पीएनजीत डीपीआय ही फक्त एक नोंद असते, दर मीटरला किती पिक्सेल याची. 300 डीपीआय लावलं की तिथे 11811 हा आकडा लिहिला जातो. चित्रातला एकही पिक्सेल वाढत नाही. ताईचं लेबल 100 बाय 150 मिलिमीटरचं. 72ला त्याचे 283 बाय 425 पिक्सेल झाले, हवे होते 1181 बाय 1772. वरून 300चा शिक्का मारल्यावर तेच लेबल कागदावर 24 बाय 36 मिलिमीटरचं झालं. मग कोरलड्रॉमध्ये ओढून मोठं केलं, आणि पायऱ्या दिसायला लागल्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका, इमेजमॅजिकचं स्वतःचं मॅन्युअल उघडा. डेन्सिटी हा डीपीआय सांगायचा पर्याय फक्त गुणधर्म नोंदवतो, मूळ चित्र बदलत नाही, असं तिथे स्पष्ट दिलंय.

उपाय एका ओळीचा आहे: डेन्सिटी पीडीएफच्या नावाच्या आधी लिहा, म्हणजे पीडीएफ त्याच डीपीआयने उघडते. नावानंतर लिहिली तर फाईल 72ने उघडून झालेली असते. "माझं तर नीट येतं" म्हणणारेही भेटतात. त्यांचं टूल वेगळं असतं. इंकस्केप न सांगता 96 धरतं, पीडीएफटूपीपीएम 150.

बारकोडचा तर त्या मेसेजमध्ये उल्लेखच नाही, आणि दुकानात माल अडतो तो त्यावर. ईएएन-13 (मालावरचा 13 अंकी बारकोड) मधली सगळ्यात बारीक रेघ मूळ मापात 0.33 मिलिमीटरची. 72 डीपीआयला एक पिक्सेलच 0.35 मिलिमीटरचा, म्हणजे रेघ पिक्सेलपेक्षा बारीक! 300लासुद्धा ती 3.9 पिक्सेलची होते, मग कुठे कड करडी, कुठे रेघ जाड. बारकोड वेक्टरच राहू द्या. अगदीच रास्टर, म्हणजे पिक्सेलचा, करायचा असेल तर रेघ बरोबर 4 पिक्सेलची होईल असं माप घ्या (0.339 मिलिमीटर, मूळ मापाच्या 80 ते 200 टक्क्यांच्या मुभेत आरामात बसतं) आणि अँटी-एलिअसिंग (कडा करड्या करून गुळगुळीत करणं) बंद ठेवा.

क्वालिटी 100? पीएनजीत काहीही गमावलं जात नाही, तिथे हा आकडा दाबण्याची पातळी आणि फिल्टर ठरवतो. जेपीजीत त्याला अर्थ आहे, पण गेलेले पिक्सेल तोही परत आणत नाही. शार्पनने अक्षराभोवती पांढरी झालर येते. 1200ला काढून 300वर आणल्यावर हलकासा शार्पन चालतो, हे नाइलाजाने कबूल करतो.

ताईची लेबलं आम्ही डेन्सिटी 600 आधी लिहून परत काढली, बारकोड वेक्टर ठेवले. काल तिने जुनं आणि नवं लेबल त्याच ग्रुपवर शेजारी शेजारी टाकलं, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून टाकलं असतं तर व्हॉट्सअॅपने दोन्ही दाबली असती आणि फरक कुणाला दिसलाच नसता.