फ्रीज कंपनीचा, पोरं आपली

नाशिकच्या कॉलेज रोडला क्लासेसच्या गर्दीत माझं छोटं जनरल स्टोअर आहे. 'आजकालची पोरं फार गोड खातात' हे आईबापांकडून गल्ल्यावर रोज ऐकतो. पण पोरं ते कधी खातात, हे कुणी बघत नाही.

शाळा-कॉलेज सुटतं आणि क्लास भरतो, त्या मधल्या वेळेत. सकाळचा डबा केव्हाच जिरलेला, घर सिडकोला नाहीतर पंचवटीला, जाऊन यायला वेळ नाही. पाठीवर सॅक, गाडीवरून न उतरताच हात पुढे येतो. (लायसन्स विचारू नका.) "काका, थंड द्या एक. आणि क्रीमचा पुडा." दोन मिनिटांत बाटली रिकामी.

बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर. म्हणजे २५० मिलीत पंचवीस ग्रॅमच्या वर, सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी बरं. २००० कॅलरीच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. ते एका बाटलीत संपले. चहा, बिस्किटं, सॉस अजून मोजायचेच आहेत.

गंमत म्हणजे हेच पालक द्राक्षांच्या सीझनमध्ये सांगतात, "जास्त खाऊ नको, साखर असते." अहो, नाशिकमध्ये राहून! अख्ख्या फळातली साखर आरोग्य संघटनेच्या त्या हिशोबात धरतच नाहीत. रसवंतीचा रस, मध, गूळ मात्र धरतात. 'नैसर्गिक आहे' म्हणून सुटका नाही.

एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या नियमाप्रमाणे शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर ते सांगणारे फलक, लावायला सांगितले. चांगलंच आहे. पण पोरगं संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी नसतं, माझ्या दारात असतं.

आणि माझ्या दारात कंपनीचा फ्रीज आहे. फुकट दिलेला, काचेच्या दाराचा, आत दिवा. त्यात ताकाची पाकिटं ठेवली की सेल्समनच्या कपाळाला आठ्या. 'शेठ, यात फक्त आपलाच माल हं.' विजेचं बिल मात्र मी भरतो! धंदा आहे, मी बाटल्या विकणं बंद करणार नाही. केलं तर पोरं शेजारच्या टपरीवर जातील. पण त्या वेळेला भूक लागलेल्या पोराला 'मनावर ताबा ठेव' सांगणं मला पटत नाही. आपणच त्याला सकाळपासून रात्रीपर्यंत घराबाहेर ठेवलंय.

क्लासवाल्यांनी दोन लेक्चरच्या मधे डबा खायला वीस मिनिटं आणि बसायला जागा द्यावी. प्यायला गार पाणी ठेवावं. फी भरताना पालकांनी एसी आहे का विचारतात तसं हेही विचारावं. आणि हातावर पन्नासची नोट ठेवण्याऐवजी दुसरा डबा द्यावा : पोळीचा रोल, शेंगदाणे, केळं, काहीही.

माझ्या खपाचं मी बघून घेईन.