दगड खराच का हवा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. संघर्षावरच्या शिल्पांविषयीच्या माझ्या लेखात काळाराम सत्याग्रहासाठी, म्हणजे नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या लढ्यासाठी, दोन खांबांमधल्या ताणलेल्या तारेला खरा दगड टांगायची कल्पना होती. तिला आपण तीन आक्षेप घेतलेत. तारेला टांगलेला दगड हे शिल्प नव्हे, वेल्डिंगच्या दुकानातली करामत आहे. काळाराम सत्याग्रहावर काही करायचंच तर पूर्णाकृती पुतळे करावेत, ते लोकांना कळतात. आणि दगड फायबरचा असता तर पाहणाऱ्याला काय फरक पडला असता? शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे.

फरक पडतो, आणि तो मोजता येतो. एक घनफूट काळा पाषाण साधारण ८० किलो भरतो. दोन खांबांमधल्या वायर रोपवर (पोलादी तारांच्या दोरावर) तो मधोमध टांगला आणि रोप आडव्या रेषेशी ३० अंश करत असेल, तर दोन्ही अंगांना प्रत्येकी ८० किलोचा ताण येतो. टर्नबकल (रोप ताणायचा आट्यांचा जोड) पिळून रोप १० अंशांवर आणला की तोच ताण २३० किलो होतो, ५ अंशांवर ४६० च्या आसपास. खांबांत ३ मीटर अंतर असेल तर १० वरून ५ अंशांवर येताना दगड उचलला जातो जेमतेम १३ सेंटिमीटर, ताण मात्र दुप्पट. रोप अगदी सरळ कधीच होत नाही. त्याआधी तो तुटतो किंवा खांब आत झुकतात. दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या की मधलं ओझं फारसं हलत नाही आणि ज्यांच्या आधारावर सगळं उभं आहे तेच वाकतात, हे इथं डोळ्यांसमोर घडतं. फायबरचा पोकळ दगड पाच-सहा किलोचा. रोप फारसा न ओढताही जवळपास सरळ दिसतो, खांबांवर भार येत नाही, वाऱ्यानं दगड डोलतो. पाहणाऱ्याला गणित येत नसलं तरी वजन नाही हे त्याला लगेच उमगतं.

दोरच का, हेही सांगायला हवं. सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. एप्रिलमधल्या रथोत्सवात रामाचा रथ सवर्ण आणि अस्पृश्य अशा दोन्हीकडच्या लोकांनी मिळून दोरानं ओढायचा असं ठरलं होतं. अस्पृश्य सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच रथ पुढे पळवला गेला आणि दगडफेक झाली. दोराला हात कोणाचा लागणार, यावरूनच ते सगळं पेटलं. पुतळा त्यातला एक क्षण दाखवील. ताणलेला दोर ती ओढाताण रोज चालू ठेवतो.

आता करामतीबद्दल. ६ मिलिमीटरचा साधा वायर रोप सुमारे दोन टनांना तुटतो. माणसं खाली-बाजूला फिरणार असतील तर त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा, म्हणजे ४०० किलोपेक्षा जास्त भार देऊ नये. म्हणून ५ अंशांचा मोह टाळावा किंवा रोप ८ मिलिमीटरचा घ्यावा. टोकाला थिंबल (रोपाच्या फासात बसणारी धातूची खोबण) आणि फास आवळून धरणाऱ्या तीन बुलडॉग ग्रिप लागतात. ग्रिपचं खोगीर, म्हणजे खाचेचा जाड भाग, भार घेणाऱ्या रोपावर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर बसला पाहिजे. उलटं बसवलं तर यू-बोल्ट भाराच्या तारा चेचतो आणि रोप तिथंच तुटतो. भार आल्यावर रोप बारीक होतो आणि लांबतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नट पुन्हा आवळायचेच.

दगड निवडताना हातोडीनं ठोकून पाहावा. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. भोक कडेजवळ हॅमर ड्रिलनं पाडलं की कपच्या उडतात. पाणी सोडत कोअर बिटनं (पोकळ नळीसारख्या ड्रिलनं), गुरुत्वमध्यातून आरपार पाडावं आणि खाली जाड पट्टी देऊन बोल्ट त्यातून वर घ्यावा. वरच्या वर इपॉक्सीनं चिकटवलेल्या हुकावर ८० किलो टांगणं हा निष्काळजीपणा आहे.

मानवाकृतीला माझा विरोध नाही. बंगालचे शिल्पकार सोमनाथ होर यांनी मेणाचे पत्रे कापून, भोसकून, जोडून माणसं उभी केली आणि ती ब्राँझमध्ये ओतली. तिथं जखम आधी मेणालाच झालेली असते. कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या फरशीत १६७ मीटर लांबीची भेग पाडली. नंतर ती बुजवली, तरी व्रण दिसतो. दोघांनीही ज्याबद्दल बोलायचं ते साहित्यावरच घडू दिलं. चौकातल्या बहुतेक पुतळ्यांत तेवढंच नसतं.

आपला एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य: लोकांना कळायला हवं. १९३० च्या घटनेवरचं काम सार्वजनिक जागी ठेवून शेजारी मराठीत सरळ चार ओळींचा फलक न लावणं हा पाहणाऱ्यावर अन्याय आहे. आणि आपण सुचवलेली गोदाघाटाची, म्हणजे नाशिकच्या गोदावरीकाठची, जागा टाळावी. पूर येऊन घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं तेव्हा पाणवेली आणि ओंडके रोपात अडकतील, आणि खांबांना आडवा धक्का बसेल, ज्याचा हिशोब वरच्या आकड्यांत धरलेलाच नाही. पूररेषेच्या वरची, पक्का काँक्रीटचा पाया घेता येईल अशी जागा बघावी.