बेसिलला थंडी वाजते

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि जाताना गच्चीतली बेसिलची कुंडी माझ्या गळ्यात मारून गेली. परवा तिचा फोन आला, बाबा त्याला तुरे यायला लागले असतील, तुरे आले की पानांची चव जाते, शेंडे खुडून ठेव, मी शनिवारी आले की पास्ता करू. खुडून ठेव म्हणाली, पण कुठं ठेव ते काही बोलली नाही. आणि दिवस होता सोमवार, महिना एप्रिल, गाव सांगली, म्हणजे दुपारी गच्चीत चप्पल विसरली तर ती परत घालायला धाडस लागतं.

तर मी मूठभर शेंडे खुडले आणि कोथिंबिरीचं करतो तेच केलं. कालच्या पेपरात गुंडाळायचं, डब्यात घालायचं, डबा फ्रिजात. आमच्याकडं कोथिंबिरीची पेंडी अशी आठ दिवस राहते, पेपरातल्या बातम्या शिळ्या होतात पण ती होत नाही. मंगळवारी सकाळी डबा उघडला तर आत चहाचा चोथा! म्हणजे हिरवं म्हणावं असं एक पान नाही, सगळ्यावर काळे डाग, काही तर पूर्णच काळी. बायको म्हणाली, "अहो, फ्रिज बिघडला का?" शेजारीच कोथिंबीर टवटवीत बसलेली, त्यामुळं फ्रिजवर आळ घेता येईना.

मग मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं की ही बाई उष्ण मुलखातली. साधारण 10-12 अंशांच्या खाली गेली की पानांच्या पेशीच मार खातात आणि पान काळं पडतं, आणि आपला फ्रिज असतो 4-5 अंशांवर. म्हणजे मी तिला स्वेटर न देता रात्रभर महाबळेश्वरला उभी केली होती.

दुसरा हप्ता बुधवारी खुडला. या वेळी फ्रिज नाही. पण स्वच्छतेचा किडा वळवळला, म्हणून पानं नळाखाली छान धुतली आणि तशीच ओली, झाकण घट्ट लावून, डब्यात ठेवून दिली. गुरुवारी झाकण उघडलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कोणी जेवत असेल. बुळबुळीत एवढं सांगतो.

खरं तर टिकवण्याच्या बाबतीत आमच्या भागाला कोणी शिकवायचं कारण नाही. इथं हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद ठेवायचे, पोत्यात नाही, थेट मातीच्या पोटात, आणि ती वर्षानुवर्षं चांगली राहायची. 2005 च्या महापुरात बरीच पेवं गेली तो भाग वेगळा. अशा मुलखातला मी माणूस आणि माझ्याच्यानं मूठभर पाला दोन दिवस टिकेना!

बायकोनं सुचवलं की तेलात वाटून बर्फाच्या ट्रेत घालून फ्रीझ करा, कटकट मिटेल. मिटली असती, पण पोरीला पास्त्यावर वरून घालायला ताजी पानं हवी होती.

शेवटी आई उठून आली. एक पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हा सब्जा की. फालुद्यात घालून खातोस ते बी कशाचं वाटतं तुला? तुळशीतलाच आहे हा. आणि एवढं कशाला करालायस त्याचं, फुलं ठेवतो तसं पाण्यात उभं कर की." मग तिनंच तांब्या घेतला, काड्यांची टोकं तिरकी कापली, खालची पानं काढून टाकली (पाण्यात बुडालेलं पान आधी कुजतं), आणि तांब्या ओट्याच्या कोपऱ्यात, उन्हापासून लांब ठेवला. मी वरून एक प्लास्टिकची पिशवी सैलसर घातली. पाणी रोज बदलायचं, ते काम माझ्याकडं. रविवारी मी एक शेंडा तोडायला गेलो तर आई म्हणाली, रविवारी तुळस तोडत नाहीत. आता सब्जा आहे का तुळस, एक काय ते ठरव म्हटलं.

तोपर्यंत पोरीचा शनिवार हुकला होता. सबमिशन आहे म्हणे, पुढच्या शनिवारी येते. मी निवांत. पानं अशी तरतरीत की ओट्याजवळून गेलं तरी वास यायचा, येईल जाईल त्याला मी तांब्या दाखवायला लागलो. शेजारच्या काकू एकदा तांब्याला नमस्कार करून गेल्या.

पुढच्या शनिवारी पोरगी आली, चीज वगैरे घेऊन. पास्ता उकळला, तिनं तांब्यातून जुडी उचलली आणि किंचाळलीच, "बाबा, याला मुळ्या फुटल्यात!" बघतो तर खरंच, प्रत्येक काडीला पांढऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या.

"मग आता ते तोडायचं नाही," आई म्हणाली. "जीव धरलाय त्यानं."

आईपुढं बोलायची कुणाची टाप नाही. पास्त्यावर फ्रिजातली कोथिंबीर पडली, अगदी ताजी. काड्या आईनं संध्याकाळी रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावल्या. आता गच्चीत सहा कुंड्या झाल्यात, आणि परवापासून सगळ्यांना तुरे दिसायला लागलेत.