फाफेचं वय, पर्सीचं वय

एचबीओनं हॅरी पॉटरची सातही पुस्तकं एका पुस्तकाला एक सीझन या बेतानं पुन्हा पडद्यावर आणायचं २०२३ साली जाहीर केलं, आणि तेव्हापासून पुण्यामुंबईकडच्या वाचकमंडळींत जुनाच वाद नव्यानं पेटलाय. एक गट म्हणतो, पुस्तक ते पुस्तक, सिनेमावाले त्याची वाट लावतात. दुसरा म्हणतो, माध्यम वेगळं आहे हो, तुलना करायचीच कशाला. मग तिसरा कुणीतरी उठतो आणि विचारतो की आपल्याकडे पुराणांचा एवढा साठा असताना हे परदेशी खूळ हवंय कशाला. इंग्लंडात बसून लांबून ऐकताना माझी चिडचिड होते, कारण तिघांचंही वाक्य असं असतं की त्यापुढे कुणी काही बोलूच नये. नेमकं काय कापलं, का कापलं आणि त्यानं पुढच्या भागाचं काय झालं, हे विचारायचं राहूनच जातं.

‘मूळ पुस्तकाशी प्रामाणिक’ हा शब्दप्रयोग घ्या. ब्रिटिश आवृत्तीत पॉटरचं दुसरं पुस्तक २५१ पानांचं आहे आणि त्यावरचा सिनेमा १६१ मिनिटांचा, आठही सिनेमांत सगळ्यात लांब. पाचवं पुस्तक ७६६ पानांचं, सगळ्यात जाड; सिनेमा १३८ मिनिटांचा. म्हणजे एकीकडे मिनिटाला दीड पान, दुसरीकडे साडेपाच. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा धंद्यातला हिशेब आहे. त्या हिशेबात पाचव्या पुस्तकातलं बहुतेक सगळं जाणारच होतं. क्विडिच हा झाडूवरून खेळायचा खेळ गेला, सेंट मुंगोज हे जादूगारांचं इस्पितळ गेलं. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. पण त्याच झटक्यात आणखी एक गोष्ट गेली: खलनायक व्होल्डेमॉर्टला हरवू शकणाऱ्या मुलाबद्दलची भविष्यवाणी हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिललाही लागू पडू शकली असती, हा खुलासा. पुस्तकात मुख्याध्यापक डम्बलडोर तो करतो आणि त्या क्षणापासून नेव्हिलकडे बघण्याची नजरच बदलते. पुढे शेवटी नेव्हिल तलवार उपसतो तेव्हा वाचकाच्या डोक्यात दोन वर्षांचा हिशेब पुरा होतो. सिनेमा बघणाऱ्याला एक भित्रा मुलगा शूर झालेला दिसतो, एवढंच. तो खुलासा करायला एक मिनिट पुरलं असतं. आक्षेप घ्यायचाच तर असा घ्यावा.

गंमत अशी की ‘प्रामाणिक’वाल्यांना सगळ्यात जास्त आवडतो तो तिसरा सिनेमा, अल्फोन्सो क्वारोनचा, २००४ चा. हॅरीच्या हाती पडलेला शाळेचा जादूचा नकाशा कुणी बनवला, ती चार टोपणनावं कुणाची, हे त्या सिनेमात कुणीच सांगत नाही. त्यामुळे हॅरीच्या पेट्रोनसला, म्हणजे मंत्रानं उभ्या राहणाऱ्या रक्षक आकृतीला, हरणाचंच रूप का, हेही कळत नाही. पुस्तकाच्या कथानकाचा आसच तो. तरीही सिनेमा भारी, हे मलाही मान्य. मग निदान कबूल तरी करा की तुम्ही प्रामाणिकपणा मोजतच नव्हता.

आता वयाकडे येतो, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात. अकरा-बारा वर्षांच्या नायकाची गोष्ट पडद्यावर आणायची तर त्या वयाचं मूल आणावं लागतं, आणि मुलाकडून काम किती करून घ्यायचं याला कायदा आहे. इंग्लंडात काउन्सिलकडून परवाना लागतो, मुलाची देखभाल करणारा शॅपरोन लागतो. ९ वर्षांवरच्या मुलाला सेटवर दिवसाला जास्तीत जास्त साडेनऊ तास थांबवता येतं आणि त्यातलं प्रत्यक्ष काम ५ तासांपुरतंच. वर शिकवणी. नायक प्रत्येक दृश्यात असतो, म्हणजे अख्ख्या युनिटचा दिवस त्या पाच तासांना बांधलेला. शिवाय मुलं वाढतात. पॉटरच्या निर्मात्यांनी २००१ ते २०११ या दहा वर्षांत आठ सिनेमे काढले ते उगाच नाही. थांबले असते तर हॅरीला दाढी आली असती. या सगळ्यातून सुटायचा सोपा उपाय म्हणजे नायकाचं वय वाढवणं.

रिक रायर्डनच्या पुस्तकांतल्या, ग्रीक देवाचा मुलगा असलेल्या पर्सी जॅक्सनच्या २०१० च्या सिनेमात तेच झालं. पुस्तकातला पर्सी १२ वर्षांचा; सिनेमातल्या लोगन लर्मनचं वय शूटिंगच्या वेळी १७. दिग्दर्शक कोण, तर पॉटरच्या पहिल्या दोन सिनेमांत अकरा-बारा वर्षांची मुलं नीट सांभाळून दाखवणारा ख्रिस कोलंबसच. वय वाढवलं म्हणून एवढा आरडाओरडा कशाला, असं वाटेल. पण त्या पाच पुस्तकांना एक घड्याळ आहे: पर्सी १६ वर्षांचा होईल तेव्हा भविष्यवाणीचा निकाल लागणार. बारा ते सोळा, एवढ्यात पाच पुस्तकं. नायकच सोळाचा घेतला तर घड्याळात वेळच उरत नाही. म्हणून पहिल्या सिनेमात भविष्यवाणीच उडवली. २०१३ च्या दुसऱ्यात ती परत आणावी लागली, तर सोळाचे वीस केले, आणि वर क्रोनोस या मुख्य खलनायकाला तिथेच जिवंत करून तिथेच मारलं. तो तर पाचव्या पुस्तकाचा ऐवज! तिसरा सिनेमा निघाला नाही यात नवल काय? २०२३ च्या डिसेंबरात डिझ्नीनं मालिका आणली तेव्हा पुन्हा पुस्तकातल्या वयाच्या जवळचा मुलगा घेतला. आता अडचण उलटी: दोन सीझनमध्ये दोन वर्षं जातात आणि गोष्टीत एकच.

आणि हाच आक्षेप आपल्याकडे फास्टर फेणेवर घेतला गेला. आदित्य सरपोतदारांच्या २०१७ च्या सिनेमात अमेय वाघचा फाफे शाळकरी नाही; वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेला तरुण आहे. ‘आमचा बनेश असा नव्हताच’ म्हणत कितीतरी जण तावातावानं बोलले. माझ्या मते तिथे वय वाढवूनही कथेचा सांगाडा मोडला नाही, कारण भा. रा. भागवतांच्या फाफेला घड्याळ नाही. फुरसुंगीचा हा मुलगा विद्याभवनात शिकतो, सायकल हाणतो, ‘ट्टॉक्’ करतो, आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना मोठा व्हायची त्याच्यावर सक्ती नाही. प्रत्येक साहस सुटं. पर्सीच्या बाबतीत जे जीवघेणं ठरलं ते इथे पचून गेलं. गेली ती वेगळी गोष्ट, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. शाळकरी फाफेवर मोठी माणसं विश्वासच ठेवत नाहीत. पोलिसांना सांगायला जावं तर ‘घरी जा बाळ’. त्या पुस्तकांतली अर्धी उत्कंठा यातूनच येते. विशीतल्या तरुणाला पोलिसांनी हाकललं तर तो व्यवस्थेवरचा सिनेमा होतो. चांगला होईल, पण तो वेगळा सिनेमा.

पुढच्या भागाच्या गाठी आधीच कापणं हा दुसरा रोग. ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या मुलाच्या पुस्तकावरच्या २००६ च्या एरागॉनमध्ये रॅझॅक हे मारेकरी मारून टाकले आणि कॅट्रिना हे पात्रच घेतलं नाही. दुसऱ्या पुस्तकाचा निम्मा भार कशावर, तर रॅझॅक कॅट्रिनाला पळवतात आणि तिचा प्रियकर रोरन तिच्यासाठी अख्खं गाव घेऊन निघतो यावर. खांबच काढून घेतल्यावर वरचा मजला चढवणार कशावर? ड्रॅगनचं पिल्लू एका भरारीत मोठं होऊन खाली येतं यावर लोक अजून हसतात. हसा, पण ती चूक फार तर विनोदी होती; कॅट्रिनाला वगळणं घातक होतं.

आणि फिलिप पुलमनचं काय केलं ते तर बघवत नाही. ‘नॉर्दर्न लाइट्स’ १९९५ चं. अमेरिकेत ‘द गोल्डन कंपास’. २००७ च्या सिनेमावर न्यू लाइन या कंपनीनं जवळपास १८ कोटी डॉलर ओतले. पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं चित्रित झाली होती. ती काढून टाकली आणि सिनेमा आशेच्या सुरावर संपवला. नायिका लायरा जिवाचं रान करून ज्या मित्राला सोडवायला जाते त्याला आपल्याच हातानं मरणाच्या दारात नेऊन ठेवते, हा त्या पुस्तकाचा शेवट. तो नसेल तर बाकीचं बर्फावरच्या अस्वलांचं प्रदर्शन. धर्मसंस्थेवरची टीकाही पुसट केली, तरी अमेरिकेतल्या कॅथलिक लीगनं बहिष्काराची हाक दिलीच. म्हणजे ज्यांना खूश करायचं ते झाले नाहीत आणि वाचकही गेले. अमेरिकेत जेमतेम ७ कोटी डॉलर आले, बाहेर ३० कोटींवर. पण बाहेरचे हक्क न्यू लाइननं आधीच विकून टाकले होते. २००८ मध्ये ती कंपनी वॉर्नरच्या पोटात गेली. बीबीसीनं २०१९ ते २०२२ मध्ये तीन सीझन केले तेव्हा तो शेवट जिथल्या तिथे ठेवला. तिथेही गर्दीच्या दृश्यांत माणसं दिसतात आणि त्यांचे डेमन (प्राण्याच्या रूपात सोबत वावरणारा प्रत्येकाचा आत्मा) दिसत नाहीत, कारण प्रत्येक डेमनमागे संगणकावरचा खर्च. पण डेमनशिवायचं माणूस हीच त्या जगातली सगळ्यात भयंकर गोष्ट. पुस्तकात टोनी मकारिओस डेमनच्या जागी वाळका मासा छातीशी धरून बसतो, तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा येतो. रस्ताभर लोक डेमनशिवाय हिंडताना दाखवलेत, मग ती भीती येणार कुठून?

शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करण्याच्या हावरटपणाबद्दल एवढंच: पॉटरला आणि ट्वायलाइटला ते जमलं, डायव्हर्जंटला नाही. २०१६ चा तिसरा आपटला आणि चौथा निघालाच नाही.

आता तिसऱ्या गृहस्थांचा प्रश्न: आपली पुराणं आहेत की! आहेत ना. ग्रीकांचीही होती, अडीच हजार वर्षं. पर्सी जॅक्सन पुराणांच्या साठ्यातून नाही निघाला. उन्हाळी शिबिर, शाळेतून काढलेला मुलगा, देवांचे नियम आणि ते मोडल्याची शिक्षा, अशा मांडणीतून निघाला. रायर्डनच्याच नावानं चालणाऱ्या पुस्तकमालेत रोशनी चोक्षी यांनी २०१८ मध्ये पांडवांना अमेरिकेतल्या मुलींच्या रूपात आणलं. त्यावर महाभारताची मोडतोड म्हणून नाक मुरडता येतं. पण मराठीत बारा वर्षांच्या मुलासाठी असं पाच पुस्तकांचं काम करायचं तर लेखकानं ती पाच वर्षं जेवायचं काय, हे नाक मुरडणारे सांगत नाहीत. इथे ब्रिटनमध्ये १९७९ चा कायदा आहे: वाचनालयातून पुस्तक घरी गेलं की लेखकाच्या खात्यात काही पेनी पडतात. मार्चमध्ये पुस्तक दिनाला शाळेतून एक पौंडाचं पुस्तकांचं टोकन मिळतं, सुट्टीत वाचनालयांच्या समर रीडिंग चॅलेंजची सहा पुस्तकं होतात, आणि टेस्को या सुपरमार्केटात पात्रांचे झगे मिळतात. इथलीही वाचनालयं बंद पडताहेत, हे मला ऐकवायला कुणी विसरणार नाही, ठाऊक आहे. आपल्याकडेही १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहेच. लेखकाला दर उसनवारीमागे पैसे देणारा मात्र नाही.

हे लिहिताना सूर वरचा लागतो, मलाही ऐकू येतो. खरं सांगायचं तर इथल्या कुणाशी लायराच्या ऑक्सफर्डबद्दल बोलताना तो सूर कधीच लागत नाही. तिथे मी पाहुणा. नीट वाचून आलेला, आदबीनं बोलणारा पाहुणा. पॉटरचा भक्त म्हणून परदेशातला मराठी माणूस सहज खपून जातो. फाफेबद्दल बोलायला मात्र समोर कुणी नसतं, म्हणून तिकडच्या वादात लांबून नाक खुपसायचं. त्या सात पुस्तकांत आपल्या ओळखीचं म्हणावं असं आडनाव सापडतं ते पाटील. जुळ्या बहिणी: शाळेच्या चार हाउसांपैकी पार्वती ग्रिफिंडोरमध्ये, पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. सिनेमांनी दोघींनाही ग्रिफिंडोरमध्ये कोंबलं आणि चौथ्या सिनेमातल्या नाचासाठी गुलाबी-नारिंगी घागरे चढवले. पुस्तकात दोघींच्या अंगावर इतरांसारखेच झगे होते, एकीचा भडक गुलाबी, दुसरीचा निळसर हिरवा. डॉबीला कमी दाखवलं म्हणून हळहळणाऱ्या आपल्या मंडळींनी या बदलीबद्दल चकार शब्द काढला नाही. मला तो घागरा अजून खुपतो, आणि इथे कुणाला सांगावं तर ‘किती छान रंग होते’ म्हणतात.

शाळकरी फाफे पडद्यावर शक्य नाही, असं कुणी म्हणेल तर तेही ऐकून घेणार नाही. १९८०च्या दशकात दूरदर्शननं सुमीत राघवनला घेऊन तो दाखवला होता. भारतातल्या २०१७ च्या नियमांतही बालकलाकाराला दिवसाला ५ तासच काम, सलग ३ तासांहून जास्त नाही, ओळीनं २७ दिवसांपलीकडे नाही, आणि मानधनातली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावानं ठेवीत. म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या तासांची मर्यादा इंग्लंडात आहे तेवढीच. त्यात दोन तासांचा सिनेमा घाईचा होईल. अर्ध्या तासाचे आठ भाग, एकेका साहसाला दोन-दोन, असे सहज बसतील. मे महिन्याच्या सुट्टीत सुरुवात करावी, २७ दिवसांनी मुलाला सुट्टी द्यावी आणि उरलेलं दिवाळीत उरकावं. मुलगा मात्र अकराचा घ्या, तेराचा नको. दुसऱ्या वर्षी आवाज फुटला तर ‘ट्टॉक्’सुद्धा डब करावं लागेल.