डॉक्युमेंटेशनच्या बिल्डला ‘नेहमी ताजी आवृत्ती’ का चालत नाही

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो आहे, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत आता शिक्षकही दिसू लागल्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. सल्ल्याचा आशय असा आहे: प्रोग्रॅमिंग भाषेचे डॉक्युमेंटेशन (वापराची माहिती देणारी पाने) तयार करताना, म्हणजे बिल्ड करताना, त्यासाठी लागणाऱ्या पॅकेजांच्या (तयार प्रोग्रॅम-संचांच्या) आवृत्त्या बांधून, म्हणजे यादीत नेमका आकडा लिहून, ठेवू नयेत, नेहमी ताजी आवृत्ती घ्यावी. त्यासाठी चार कारणे दिली जातात. नव्या आवृत्तीत जुने चालतेच. फार तर मुख्य साधनाची आवृत्ती लिहावी, बाकीचे पिप (पायथनची पॅकेजे उतरवून बसवणारे साधन) पाहून घेते. डॉक्युमेंटेशन बिघडले तरी प्रोग्रॅम बिघडत नाही. आणि आवृत्ती बांधली की सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा होतात. यांतील शेवटच्या कारणात तथ्य आहे आणि त्याकडे मी शेवटी येतो. पहिली दोन मात्र सरळ चुकीची आहेत, आणि त्यांच्यामुळे आमच्या एका कार्यशाळेचा पूर्ण दिवस वाया गेला होता.

भुसावळला आम्ही काही जण शनिवार-रविवारी प्रोग्रॅमिंगची कार्यशाळा घेतो. रावेर, यावल, चोपडा या बाजूने येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते. म्हणून पायथनच्या डॉक्युमेंटेशनची एचटीएमएल प्रत आम्ही स्वतः बिल्ड करतो, तिला आमच्या मराठी टिपणांची जोड देतो आणि पेनड्राइव्हवर मुलांना देतो. हे बिल्ड करणारे साधन म्हणजे स्फिंक्स. ते २००८ मध्ये मुळात पायथनच्याच डॉक्युमेंटेशनसाठी तयार झाले आणि आज इतर अनेक प्रकल्प ते वापरतात.

२०२२ च्या मार्च महिन्यातील शेवटच्या शनिवारी, आदल्या आठवड्यात विनातक्रार झालेले बिल्ड पहिल्याच पायरीला थांबले. जिंजा या पॅकेजामधून ‘एन्व्हायर्नमेंटफिल्टर’ हे नाव आयात करता येत नाही, असा त्रुटीचा संदेश होता. आमच्या यादीत स्फिंक्सची आवृत्ती नेमकी लिहिलेली होती आणि आम्ही एका अक्षरालाही हात लावलेला नव्हता. बदल झाला होता तो जिंजात. स्फिंक्स पानांचे साचे भरण्यासाठी जिंजा वापरते आणि जिंजाची ३.१ ही आवृत्ती त्याच आठवड्यात, गुरुवारी २४ मार्चला, प्रसिद्ध झाली होती. २०२१ च्या मे महिन्यात आलेल्या ३.० आवृत्तीतच ही जुनी नावे जाणार असल्याची सूचना दिलेली होती, त्यामुळे जिंजाच्या कर्त्यांना दोष देता येत नाही. दोष आमच्या यादीचा होता. आमच्या जुन्या स्फिंक्सने जिंजाच्या आवृत्तीवर वरची मर्यादा घातलेली नव्हती आणि आमच्या यादीत जिंजाचे नावच नव्हते. मग पिपने अटीत बसणारी सर्वांत नवी आवृत्ती आणली.

पिप ‘पाहून घेते’ याचा अर्थ एवढाच आहे. पॅकेजाच्या कर्त्याने ज्या अटी लिहून ठेवल्या असतील त्या पिप पाळते. ज्या अटी त्याला लिहिताना ठाऊकच नव्हत्या, त्या पाळण्याचा प्रश्न येत नाही. तीन वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या पॅकेजाला आज येणाऱ्या आवृत्तीत काय काढून टाकले जाणार आहे, हे कोण सांगू शकणार होते? आणि हा धागा एकाच पातळीवर संपत नाही. जिंजाच्या या प्रसंगाच्या सुमारे पाच आठवडे आधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, मार्कअपसेफ २.१ आले. हे पॅकेज जिंजाला लागते. त्यातून ‘सॉफ्ट युनिकोड’ नावाचे फंक्शन काढले गेले आणि जिंजाच्या २.x आवृत्त्या बंद पडल्या. आपण स्फिंक्स मागितले, स्फिंक्सने जिंजा मागितले, जिंजाने मार्कअपसेफ. तिसऱ्या पातळीवरच्या या बदलाने पहिल्या पातळीचे काम थांबले.

हा फटका फक्त आमच्यासारख्या हौशी मंडळींना बसला असेही नाही. पायथन ३.१० च्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी स्फिंक्स ३.२.१ ही आवृत्ती बांधलेली होती, तरीही जिंजा ३.१ आल्यावर त्या स्फिंक्सशी जुळणारी जिंजाची आवृत्ती वेगळी बांधावी लागली. भाषा घडवणाऱ्यांनाही ‘मुख्य साधनाची आवृत्ती पुरे’ हा नियम पुरला नाही. नंतर पायथनच्या मूळ कोडच्या संचात डॉक्युमेंटेशनसाठी दोन फायली आल्या: थेट लागणाऱ्या पॅकेजांची एक आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पॅकेजांवर मर्यादा घालणारी दुसरी. ही दुसरी फाईल मला या संपूर्ण विषयाचे मर्म वाटते, आणि फिरणाऱ्या सल्ल्यात नेमका तिचाच उल्लेख नाही.

बिल्ड थांबले तर ते निदान कळते. न थांबता चुकीचे उत्पादन देणारे बिल्ड मला अधिक धोक्याचे वाटते. २०२१ मध्ये डॉक्युटिल्सच्या (स्फिंक्सला लागणाऱ्या आणखी एका पॅकेजाच्या) ०.१७ आवृत्तीने एचटीएमएलमध्ये प्रकरणाच्या विभागासाठी ‘डिव्ह’ऐवजी ‘सेक्शन’ हा टॅग वापरायला सुरुवात केली. टॅग म्हणून हा बदल योग्यच होता. परंतु ‘रीड द डॉक्स’ या लोकप्रिय थीमच्या तेव्हाच्या आवृत्तीतील सीएसएस (पानाचे दिसणे ठरवणारे नियम) जुन्या रचनेवर बेतलेले होते, आणि त्यामुळे याद्यांपुढचे ठिपके पानांवरून नाहीसे झाले. कोठेही त्रुटी दिसली नाही, बिल्ड यशस्वी ठरले. त्या थीमची १.० आवृत्ती आल्यावर हे सुरळीत झाले, पण मधल्या काळात ज्यांनी ‘ताजे ते चांगले’ म्हणून बिल्ड केले त्यांनी तशीच पाने वाचकांच्या हाती दिली.

यातच तिसऱ्या कारणाचेही बरेचसे उत्तर आले. प्रोग्रॅम बिघडत नाही हे खरे. बिघडतो तो वाचणारा. ज्या मुलाकडे नेटवर्क नाही आणि शंका विचारायला जवळ कोणी नाही, त्याच्यासाठी पेनड्राइव्हवरची ती प्रत हाच शिक्षक असतो. शिवाय भाषेची एखादी आवृत्ती प्रसिद्ध झाली म्हणजे तिचे डॉक्युमेंटेशन संपत नाही. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षे आधार मिळतो आणि तेवढा काळ तिची पाने पुन्हा बिल्ड करण्याची वेळ येऊ शकते. पाचव्या वर्षी एका वाक्याची दुरुस्ती करायची असेल, तर पहिल्या वर्षीची साधने कोणती होती हे लिहून ठेवलेले असावे लागते.

‘हे पायथनवाल्यांचे दुखणे आहे, आम्ही दुसरी भाषा वापरतो’ असे उत्तरही काहींनी दिले. हॅस्केलच्या जीएचसी या कंपायलरचे वापरकर्ता-मार्गदर्शक स्फिंक्सनेच तयार होते. रस्ट भाषेत डॉक्युमेंटेशन बनवणारे रस्टडॉक हे साधन कंपायलरबरोबरच येते, म्हणजे तेथे आवृत्ती मुळातच बांधलेली असते. ज्युलिया भाषेच्या डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये तर नेमक्या आवृत्त्यांची मॅनिफेस्ट फाईल ठेवलेली आहे.

आता सुरक्षेचा मुद्दा. आवृत्ती बांधून ती विसरून जाणे वाईटच आहे, यात दुमत नाही. परंतु ताजी आवृत्ती आपोआप घेणे म्हणजे सुरक्षितता, हे मला मान्य नाही. एखाद्या पॅकेजाची नवी आवृत्तीच कोणी दूषित करून चढवली, तर ती सर्वांत आधी पोहोचेल ती ताजे मागणाऱ्यांकडे. आपल्याकडे कापूस पेरणारा शेतकरी बियाण्याचे पाकीट, त्यावरचा लॉट नंबर आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवतो, कारण उगवण झाली नाही तर कोणते बियाणे पेरले होते हे दाखवता आले पाहिजे. पुढच्या हंगामात तो दुसरे वाण घेतोच, पण काय घेतले याची नोंद ठेवून घेतो. आवृत्ती बांधण्यात हेच अभिप्रेत आहे. २०१६ मध्ये आलेल्या पिप ८ पासून तर प्रत्येक पॅकेजाचा हॅशही (फाईलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) यादीत लिहिता येतो, आणि उतरवलेली फाईल त्या हॅशशी जुळली नाही तर पिप ती बसवत नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. डेबियनसारखी लिनक्सची वितरणे भाषेचे डॉक्युमेंटेशन स्वतःच्या भांडारातील स्फिंक्सने, इंटरनेटशिवाय बिल्ड करतात. मूळ संचाने ‘हीच एक आवृत्ती, दुसरी चालणार नाही’ असा हट्ट धरला, तर त्यांचे काम अडते. म्हणून डॉक्युमेंटेशनच्या मजकुरात आणि कॉन्फिगरेशनमध्ये किमान आवृत्ती सांगावी, आणि नेमकी आवृत्ती आपल्या बिल्डपुरत्या वेगळ्या फायलीत ठेवावी. ही दोन कामे एकाच ओळीत कोंबली की दोन्ही बिघडतात.

आमच्या गटात त्या शनिवारनंतर तीन गोष्टी ठरल्या. हॅशसहित पूर्ण यादी, म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येक पॅकेजासह, संचातच राहते. सर्व पॅकेजे एकदा उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवलेली असतात आणि कार्यशाळेच्या दिवशी पिपला इंटरनेटकडे पाहू न देता तेथूनच बसवली जातात. आणि महिन्यातून एकदा, कार्यशाळा नसलेल्या आठवड्यात, एक विद्यार्थी वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (नेहमीच्या पॅकेजांना धक्का न लावणाऱ्या स्वतंत्र जागेत) सर्व ताज्या आवृत्त्या घेऊन, इशाऱ्यांनाही त्रुटी मानून बिल्ड करतो. ते यशस्वी झाले तर याद्या असलेली, तक्ते असलेली आणि कोड असलेली काही ठरलेली पाने डोळ्यांनी तपासली जातात, आणि मगच नवी यादी जुन्या यादीची जागा घेते.