खुलासा: ऑगस्टाचे सर्वांत अवघड होल बारावे नव्हे

अमेरिकेतील ऑगस्टाच्या मैदानावर होणाऱ्या मास्टर्स या गोल्फ स्पर्धेबद्दलची ‘मास्टर्समधील सर्वांत अवघड होल बारावे’ ही माझी जुनी पोस्ट अजून फिरते आहे. ती चुकीची आहे, दिलगीर आहे.

मी प्रसंगांवरून निष्कर्ष काढला होता. बाराव्या होलवरच 2016 मध्ये जॉर्डन स्पीथने शेवटच्या दिवशी 7 फटके घेतले, तर 2020 मध्ये टायगर वूड्सने तब्बल 10. पार (होल पूर्ण करायला अपेक्षित फटके) 3, अंतर जेमतेम 155 यार्ड, समोर ओढा आणि फसवा वारा. असे प्रसंग विसरता येत नाहीत. पण काठिण्य मोजतात ते पारपेक्षा सरासरी किती फटके जास्त लागले त्यावर. स्पर्धेच्याच आजवरच्या होलनिहाय आकडेवारीत दहावे आणि अकरावे ही लांबलचक पार 4 होल अवघडपणात बाराव्याच्या पुढे आहेत.

जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल, तर हा खुलासाही पाठवा.