हँडलर म्हणा, फिल्टर म्हणा, पण एकच काही म्हणू नका

वेबसाइटवर आलेली रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरची मागणी, कोडचा जो तुकडा हाताळतो त्याला प्रोजेक्टभर एकच नाव द्यावं, असं टीममधल्या कुणी सुचवलंच तर आधी त्याला चहा पाजा, मग गप्प बसवा. नावं सरळ झाली की नवा पोरगा आठवड्यात कोड वाचायला लागतो. मग तुम्हाला कोण विचारणार?

थोरामोठ्यांकडे बघा. मॉडेल (डेटा), व्ह्यू (पडद्यावर दिसतं ते), कंट्रोलर (वापरणाऱ्याचं ऐकून त्या दोघांना कामाला लावणारा) ही कोडची वाटणी ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मांडली. जँगोवाल्यांनी (जँगो हे पायथॉनचं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा) कंट्रोलरच्या कामाला व्ह्यू म्हटलं आणि व्ह्यूला टेम्प्लेट. मग कंट्रोलर कुठाय? त्यांच्याच प्रश्नोत्तरांत लिहिलंय: तो बहुधा फ्रेमवर्कच. या ‘बहुधा’ला दंडवत घाला.

गो ही प्रोग्रामिंग भाषा शिकाल तर आणखी पुण्य. तिथे हँडल, हँडलर, हँडलफंक आणि हँडलरफंक असे चौघे एकाच पॅकेजात नांदतात. पहिलं फंक्शन, दुसरा इंटरफेस (अमुक मेथड हवीच, एवढी अट), तिसरं पुन्हा फंक्शन, चौथा टाइप. तिसऱ्याला तुमचं साधं फंक्शन दिलं की तो त्याला चौथ्याचा वेश चढवतो. चौथ्याकडे सर्व्हएचटीटीपी मेथड असल्याने तो दुसरा ठरतो. (रचना देखणी आहे, हे मान्य. पण ज्युनियरसमोर कबूल करू नका.) मधला एक ‘र’ खाल्ला की अर्धा तास मजेत जातो.

मीटिंगमध्ये फक्त ‘ते फिल्टरमध्ये टाक’ एवढंच म्हणा. जावावाला रिक्वेस्टला सर्व्हलेटच्या (जावातला रिक्वेस्ट हाताळणारा) दारातच अडवेल, नेस्ट या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचा माणूस एक्सेप्शन, म्हणजे कोड चालताना उडालेल्या चुका, झेलत बसेल. दोघेही बरोबर. तुम्ही तेवढ्यात कॉल सोडा.

घरच्या फोल्डरमध्ये यूजरकंट्रोलर, ऑर्डरहँडलर, पेमेंटप्रोसेसर असू द्या, आणि लॉगिनची तपासणी कॉमनमॅनेजरमध्ये. तो काय मॅनेज करतो ते कुठेही लिहू नका.

आणि अगदीच हातात काम नसेल तर नाव बदला. रेल्स या रूबीच्या फ्रेमवर्कने २०१३ मध्ये बिफोर-फिल्टरचं (मुख्य कामाआधी चालणारा कोड) बिफोर-अ‍ॅक्शन केलं, काम तेच. नेक्स्ट या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कने २०२५ मध्ये मिडलवेअर (रिक्वेस्ट पोहोचण्याआधी मधेच चालणारा कोड) फाइलला प्रॉक्सी म्हणायला सुरुवात केली. तुम्हीही कामाचं तिकीट काढा, मेहनतीचे आठ पॉइंट लावा, अर्ध्या फायली बदला. उरलेल्या अर्ध्या पुढच्या अप्रेझलच्या आधी.